शेवटच्या डांबावरची मोटर

१

"आधी यंत्राला विचार, कौसल्या. माणसांना उत्तर द्यायची घाई असते, यंत्राला नसते."

वीज-मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांनी हे सांगितल्याला पस्तीस वर्षं झाली होती. साहेब गेले. कौसल्याबाईही निवृत्त होऊन भवानीनगरच्या घरी पूजेत आणि जास्वंदीच्या कुंड्यांत रमल्या. पण पंप बघायला बोलावलं म्हणून आज सकाळी पणदऱ्याच्या एका विहिरीच्या काठावर बसताना तो आवाज त्यांना जसाच्या तसा ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले आणि चालू पंपाच्या पाठीवर तळहात ठेवला.

दुसऱ्या श्वासाला हात मागं घ्यावा लागला. मोटर चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती, आणि तिच्या पोटातून एक जड घुमणं येत होतं, पाठीवर पोतं घेऊन चढण चढणाऱ्या माणसाच्या छातीतून येतं तसं.

मोटरीच्या अंगावर वीजबचतीचं लेबल होतं. उन्हानं जरा विटलेलं, पण पाचही तारे शाबूत.

"तारं मोजूनच घेतला बाई आमी," मालनबाई म्हणाल्या. ऊसरोपांची ही नर्सरी चालवणाऱ्या बारा बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. "दुकानात तीन परकारचं पंप हुतं. एकाला दोन तारं, एकाला तीन, ह्याला पाच. म्या म्हनलं, पाचवालाच द्या. नर्सरीचा मीटर निराळा हाय, युनिट वाचत्याल. युवराजनं म्होरं मांडल्याला सोडून आतनं दुसरा आणला. म्हनला, मावशी, तुमाला ह्यो बरा. कशाचा बरा!"

कौसल्याबाई मीटरसमोर उभ्या राहिल्या. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. ठराविक वीज गेली की एकदा लुकलुकायचा, असा त्याचा नेम. त्यांनी कमरेच्या पिशवीतून जपमाळ काढली, घड्याळाकडं पाहिलं आणि एका लुकलुकीला एक मणी सरकवू लागल्या.

"बाई, तुमी मोटरीचा जप कराय लागला व्हय?" मालनबाईंना हसू फुटलं. मागच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या.

कौसल्याबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. एकशे आठ मणी पुरे झाले. लेबलावर लिहिलेली वीज खरी असती, तर माळेला शंभर सेकंद लागायला हवे होते. ऐंशीच लागले. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा ऐंशी.

"कधीपासून असं?"

"त्येच तर नवल हाय. मागल्या साली हीच मोटर कशी गप चालायची. यंदाच तापाय लागली. आन् यंदा तर लाईट झकास हाय! नवं सबस्टेशन झाल्यापास्नं बल्ब कसा चांदण्यावानी पडतो."

कौसल्याबाईंचा माळ पिशवीत ठेवणारा हात थांबला. लाईट वाईट होती तेव्हा मोटर चांगली. लाईट चांगली झाली आणि मोटर बिघडली. पस्तीस वर्षांत त्यांनी असं उलटं दुखणं पाहिलं नव्हतं.

२

मालनबाईंचा पंप जिथं बनला तो रश्मीचा कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, शेवटून दुसऱ्या गल्लीत होता. पंचेचाळीस माणसं, एक भट्टी, एक तपासणीचा बाक. वडील गेल्यावर तिनं तो हाती घेतला होता. तिच्या टेबलामागं बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि टेबलावर दिल्लीहून आलेली नोटीस.

"मावशी, नीट ऐका," रश्मी म्हणाली. तिच्या आईची आणि कौसल्याबाईंची प्रयोगशाळेतली जुनी मैत्री, म्हणून मावशी. "आमच्या पंपांना या लेबलाची सक्ती नाही. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं. बाबांनी स्वतःहून घेतलं. आता अर्जावर सही माझी असते की, या मॉडेलचा प्रत्येक पंप इतक्याच विजेत इतकं पाणी ओढेल. लेबल देणारी संस्था अधूनमधून बाजारातला एखादा पंप गुपचूप विकत घेऊन तपासते. यंदा आमचा नापास झाला."

"मग?"

"आता आणखी दोन उचलतील. तेही नापास झाले तर लेबल रद्द, वर्तमानपत्रात नाव, आणि सही माझी म्हणून खटला माझ्यावर. मालनबाईंसारखं गिऱ्हाईक ग्राहक न्यायालयात जाईल ते वेगळंच. उत्तर द्यायला सहा दिवस उरलेत."

"तुला ठाऊक नव्हतं असं म्हणालीस तर?"

"वकिलांना पहिलं तेच विचारलं. चालत नाही. लेबल म्हणजे मी गिऱ्हाइकाला दिलेली लेखी हमी. माझ्या मनात लबाडी नव्हती हे सिद्ध झालं, तरी हमी मोडली ती मोडलीच. सुटायची वाट एकच आहे. पंप गेटबाहेर गेल्यावर कुणी तो खोलून बदलला असेल, तर जबाबदारी माझी नाही." तिनं नोटिशीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हणून मला एवढंच सांगा. हे गेटच्या आत झालं की बाहेर?"

"बाहेर," दारातून आवाज आला. कारखान्यातली तपासणी आणि लेबलाची कागदपत्रं पाहणारा अनुप आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रजिस्टर. "प्रत्येक मोटर इथं बाकावर तपासून जाते. हे बघा, सगळ्या पास. गेटबाहेर काय होतं ते भवानीनगरच्या दुकानात जाऊन विचारा. युवराज आमचा डीलर आहे आणि जळक्या मोटरी नव्या तारेनं भरूनही देतो. कमी व्होल्टेजवर चालणारी मोटर करून देतो म्हणून त्याची पंचक्रोशीत ख्याती आहे. वेढे कमी घालतो! मोटर उठते खरी, पण वीज खाते. तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं. मी उत्तर लिहूनही ठेवलंय."

उत्तराचा कागद त्यानं टेबलावर ठेवला. त्यात युवराजचं नाव तीन वेळा होतं.

३

"या काकू! आज देव सोडून आमच्याकडं?" युवराजनं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. दुकानात मोटरींची उघडी पोटं मांडलेली, तांब्याच्या तारांची भेंडोळी खुंट्यांना टांगलेली. "चहा सांगू का उपास हाय?"

"चहा चालेल. युवराज, तू मोटरीत वेढे कमी घालतोस म्हणे."

"घालतो की! लपवायचं काय त्यात? लांबच्या वस्तीवर लाईट पोचंपर्यंत तिचा जीव जातो. कंपनीची मोटर नुसती घूं घूं करती आन् जळती. मी चार वेढं कमी करून देतो, मोटर उठती. लोकं आशीर्वाद देत्यात." त्यानं कौसल्याबाईंकडं रोखून पाहिलं. "त्या अनुपनं धाडलं न्हवं तुमाला? त्याला म्हनावं, माझ्या हातची मोटर आंधळ्यालाबी वळखू येती. हिकडं या."

त्यानं एक भरलेली मोटर पुढं ओढली. "नख लावा."

कौसल्याबाईंनी तारांवरच्या वार्निशला नख लावलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं ते सुटून आलं.

"माझी भट्टी म्हंजे ह्ये डोक्यावरचं ऊन. ब्रशनं वार्निश मारायचं आन् पत्र्यावर वाळत घालायचं. वरच्या वर ऱ्हातंय. ताईच्या कारखान्यातलं भट्टीत भाजल्यालं असतंय, मधापावतर मुरल्यालं. मालनमावशीची मोटर खोला आन् बघा. वार्निश पापुद्र्यानं निघालं तर मला पोलिसात द्या."

कौसल्याबाईंना तो खोटं बोलतोय असं वाटेना. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या विरुद्धचा पुरावा असा हातात देत नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मालनबाईंनी पाच ताऱ्यांचा पंप मागितला. पुढं मांडलेला सोडून तू आतून दुसरा आणलास. का?"

युवराज उगाच एक भेंडोळं खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीला अडकवू लागला.

"युवराज."

"काकू, तुमी खोटं बोलत न्हाय म्हून सांगतो." त्याचा आवाज खाली आला. "तो पंप मी निवडला न्हाय. मालनमावशी पंप घेनार म्हून म्हैनाभर आधी बोलली हुती, तो तिच्यासाठीच बनून आला हुता. तिच्या नावानं. गेटच्या आतनं."

"कुणी पाठवला?"

"ते मला मारलं तरी सांगायचा न्हाय. नोटीस माझ्या अंगावर ढकला पायजे तर. ताईच्या नावाला तारं हायती, जपाय लागत्यात. माझ्या दुकानाला काय, एक बी न्हाय."

४

कारखान्यात तीन मोटरी खोलायच्या ठरल्या. मालनबाईंची, दुरुस्तीला परत आलेली एक, आणि दिल्लीच्या तपासणीत नापास होऊन परत आलेली ती.

खोलायला बसले सावळाराम तात्या. मोटर भरायच्या कामावरचे सगळ्यात जुने कारागीर, रश्मीच्या वडिलांच्याही आधीपासून तार हाताळणारे. डोळ्याला जाड चष्मा होता, पण बोटांना चष्मा लागत नव्हता. त्यांनी मालनबाईंच्या मोटरीची झाकणं उतरवली आणि आतली कॉइल उजेडाकडं केली. कौसल्याबाईंनी नख लावलं. वार्निश हललंसुद्धा नाही. पिवळसर, काचेसारखं, तारेतारेच्या मधे मुरलेलं होतं.

रश्मीनं ते पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. गेटच्या आत.

"वेढे मोजू या," कौसल्याबाई म्हणाल्या. एका कॉइलला चव्वेचाळीस वेढे, हे कारखान्याचं माप. तात्या तार कापून एकेक वेढा सोडू लागले, कौसल्याबाई एकेक मणी सरकवू लागल्या. अडतिसावा मणी सरकवून त्या पुढचा वेढा शोधू लागल्या. पुढं वेढा नव्हता. त्यांनी मान वर केली, तर तात्या केव्हाच उठून नळावर हात धुवायला गेले होते.

सहा वेढे कमी. उरलेल्या दोन्ही मोटरींतही अडतीसच.

"चोरी!" अनुप म्हणाला. "आतल्या कुणीतरी तांबं चोरलंय. सहा वेढ्यांची तार म्हणजे काय थोडी झाली?"

कौसल्याबाईंनी काढलेली तार काट्यावर ठेवली. शेजारी चव्वेचाळीस वेढ्यांची नवी कॉइल ठेवली. वजन जवळजवळ सारखं भरलं. त्यांनी दोन्ही तारा बोटांत धरून पाहिल्या.

"चोरानं तांबं वाचवलं असतं," त्या हळू म्हणाल्या. "इथं वेढे कमी आहेत, पण तार जाड आहे. जागा भरून काढलीय. ज्यानं केलं त्यानं स्वतःसाठी एक गुंजभर तांबं ठेवलेलं नाही. हिशेब करून, जीव लावून केलंय."

प्रत्येक मोटरीत, कॉइलच्या मागं, भरल्याच्या तारखेची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती. कौसल्याबाईंनी तिन्ही चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. मागच्या वर्षीची सहा फेब्रुवारी. वीस नोव्हेंबर. यंदाची आठ जानेवारी. कुणालाही त्यात काही दिसेना.

कौसल्याबाईंनी मात्र एकेका तारखेवर बोट टेकवलं.

"रश्मी," त्या म्हणाल्या, "या तिन्ही दिवशी मी उपाशी होते."

५

दर गुरुवारी कौसल्याबाई पाणीसुद्धा घेत नसत, आणि सूर्यास्तानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवत. बावीस वर्षांत एक बोट चुकलं नव्हतं. त्या लाल ठिपक्यांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढून कधी जातच नसे.

"गुरुवारी तुमच्याकडं काय वेगळं असतं?"

"गुरुवारी दुरुस्तीसाठी वसाहतीतली वीज बंद असते," रश्मी म्हणाली. "यंत्रं बंद. फक्त मोटर भरायचं काम चालतं. ते हातानं करायचं."

"आणि भट्टी, तपासणी?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे शुक्रवारी बाकावर दोन दिवसांचा माल येतो." कौसल्याबाईंनी अनुपकडं हात पुढं केला. "ते रजिस्टर दे बघू, बाळ."

रजिस्टर द्यायला त्यानं जरा वेळच लावला. सोमवारच्या पानावर प्रत्येक मोटरीनं ओढलेल्या विजेचा आकडा निराळा होता. तीन दशांश एक, तीन दशांश तीन, तीन, तीन दशांश दोन. जिवंत यंत्रांचे असे थोडे पुढंमागं व्हायचेच. शुक्रवारच्या पानावर मात्र वरपासून खालपर्यंत तीन दशांश दोन. एका ठशातून काढल्यासारखे.

अनुपचं तोंड उतरलं. "पहिली एकच तपासायचो," तो पुटपुटला. "बाकीच्यांना तोच आकडा. वेळच पुरायचा नाही, मॅडम. पण वेढ्यांना मी हात लावला नाही. आईशपथ."

"ते दिसतंच आहे," कौसल्याबाई म्हणाल्या. "तू काही करत नव्हतास, हेच कुणालातरी ठाऊक होतं."

मग त्यांनी कागद घेतला आणि जुन्या सवयीनं गणित मांडलं. चव्वेचाळीस वेढ्यांची मोटर चारशे पंधरा व्होल्टसाठी. अडतीस वेढे असतील तर ती किती व्होल्टवर सगळ्यात सुखानं चालेल? उत्तर आलं तीनशे साठच्या आसपास. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पणदऱ्याच्या त्या लाइनीवरचं व्होल्टेज त्यांनी स्वतः मोजलं होतं. शेवटच्या खांबावर, म्हणजे लोकांच्या बोलीत शेवटच्या डांबावर, भरलं होतं तीनशे साठ.

आता सगळं ओळीनं लागलं. मागच्या साली गप चालणारी मोटर, यंदाचं नवं सबस्टेशन, पुरी वीज आल्यावरचा ताप, तो हुंकार. मोटर बिघडलेली नव्हतीच. शिंप्यानं अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा तशी ती एका डांबासाठी शिवलेली होती. मग डांबाचं अंग भरलं आणि सदरा दाटला. एवढं बारीक माप कुणी यंत्राविना, नुसत्या बोटांनी घेतलं असेल?

"मावशी, कोण?" रश्मीनं विचारलं.

"मी अडतीस मोजले तेव्हा मला पुढचा वेढा आहे असंच वाटत होतं," कौसल्याबाई म्हणाल्या. "एकच माणूस असा होता ज्याला तो नाही हे माहीत होतं. तो आधीच उठून हात धुवायला गेला."

६

सावळाराम तात्या नळाजवळच्या कट्ट्यावर बसले होते. कुणी येणार हे ठाऊक असल्यासारखे. रश्मीला पाहून उठायला लागले, तिनं खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"तात्या, का?"

"ताई, म्या लेबल वाचलं न्हाय. म्या मानसं वाचली." तात्यांनी चष्मा काढून पुसला. "युवराजच्या दुकानात शेवटच्या डांबाची मानसं येत्यात. नवी कोरी मोटर, आन् आठ दिवसांत जळती. मंग तो भरून देतो ब्रशच्या वार्निशनं, ती सा म्हैनं टिकती. म्या म्हनलं, जळायच्या आधीच भट्टीतली पक्की मोटर त्यांच्या मापानं का भरू न्हये? युवराज सांगायचा कुणाच्या डांबाला लाईट किती येती. बिस्तरवारी, म्हंजे गुरुवारी, मी भरायचो. घरून आनल्याली जाड तार वापरायचो, कारखान्याची न्हाय. पाप केलंय असं वाटलंच न्हाय कदी."

"दिल्लीवाल्यांच्या हाती कशी लागली मग?"

"युवराज गावाला गेलता. त्याच्या बायकोनं आतला काढून दिला. तो सुप्याच्या मानसाचा हुता."

"आणि नवं सबस्टेशन झालं, वीज पुरी यायला लागली, तेव्हा?"

तात्यांनी मान खाली घातली. "त्ये मला कुनी सांगितलंच न्हाय, ताई. मी हितं भिताडात. मला वाटलं, लाईट हाय तशीच हाय."

कौसल्याबाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "तात्या, अशा मोटरी किती? कुठं लिहून ठेवलंय का?"

"लिवायला मला कुठं येतंय." आणि तात्या डोळे मिटून सांगू लागले. सुप्याच्या माळावर बानूबाईंची विहीर, साठ फूट, डीपीपासून अकरावा डांब, त्यांना अडतीस. त्यांच्या पलीकडं दोघा भावांची एकच मोटर, चिंचेखाली, बारावा डांब, सदतीस. पणदऱ्याची मालनबाई. ओढ्याकडेची वस्ती, जिथं सांजच्याला गिरण सुरू झाली की लाईट आणखी खाली यायची, म्हणून तिथं छत्तीस. कुणाच्या विहिरीला पाणी किती खाली, कुणाच्या लाइनीत जोड कुठं, कुठल्या मोटरीचा आवाज जरा गोड निघाला होता. एक, दोन, सात, पंधरा. ना चिठ्ठी ना कागद. रश्मी उभीच होती, आणि मागं येऊन थांबलेल्या अनुपच्या हातातलं रजिस्टर मिटलं होतं. त्या जाड रजिस्टरात जे एकाही पानावर खरं नव्हतं, ते या अक्षरशत्रू म्हाताऱ्याच्या ओठांवर जसंच्या तसं उभं होतं. कौसल्याबाईंनी नकळत हात जोडले. देवळात एखादं कवाड उघडून दिव्याच्या उजेडात मूर्ती दिसावी, तसं त्यांना झालं.

"तेवीस," तात्या थांबले. "तेवीस हायती, ताई. विहिरीवर बसल्याल्या."

७

रश्मी आणि अनुपसोबत केबिनमध्ये परत आल्यावर कौसल्याबाईंनी दार लोटून घेतलं. एक गोष्ट त्यांना सांगायलाच हवी होती. ती लपवून मिळालेलं पुण्य त्यांना नको होतं.

"रश्मी, गेटच्या आत झालं. तुला माहीत नव्हतं, तरी जबाबदारी तुझी. पण दुसरंही ऐक. या मॉडेलचे हजारो पंप बाजारात आहेत, आणि चुकीचे तेवीसच. तेही विहिरींवर बसलेले, दुकानात आता एकही नाही. संस्था पुढचे दोन पंप उचलेल ते चांगलेच निघतील. दोन्ही पास होतील. तू काहीच बोलली नाहीस, तर हे कुणाला कधी कळणार नाही."

अनुपनं आशेनं वर पाहिलं. "मॅडम, पहिल्या नापासाचं कारण तेवढं हवं. युवराज तर नाव द्यायला तयार आहे. तो स्वतः म्हणाला."

"व्हय, म्हनलो," दार ढकलून युवराजच बोलला. तात्यांना शोधत तो येऊन पोचला होता. "माझ्यावर टाका. म्हाताऱ्याला न्हाई, ताईलाबी न्हाई. मी भरल्या म्हून सांगतो."

बाहेर भट्टीचा पंखा फिरत होता. रश्मी खिडकीपाशी गेली. अंगणात पॅक झालेले पंप रांगेनं उभे होते, प्रत्येकाच्या कपाळावर पाच तारे.

"घेतलंच नसतं हे लेबल, तर काही गुन्हा नव्हता," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "दोन ताऱ्यांवाले काय, बिनताऱ्यांचेही विकतात. कुणी विचारत नाही त्यांना."

"नाही विचारत," कौसल्याबाई म्हणाल्या.

"मावशी, आमच्या धम्मात शील कुणी लादत नाही. देव सांगत नाही, राजा सांगत नाही. आपण हात जोडून, आपल्या तोंडानं म्हणायचं की मी हे घेतेय. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, मग मोडलं तर शिक्षा कोण करणार? ते नुसते हसले होते." ती वळली. "मला वाटायचं, सक्ती नाही म्हणजे हलकं. उलट आहे. कुणी मागितला नव्हता तो शब्द मी दिलाय. मालनबाईंनी तारे मोजून माझा पंप उचलला. त्या तिथं माझ्या शब्दावर बारा बायकांचं काम चालवतायत."

तिनं अनुपचा तयार कागद उचलला आणि उभा-आडवा फाडला. कोरा कागद घेतला. ती न थांबता लिहीत गेली. दोष आमच्या कारखान्यात झाला. तेवीस पंप असे आहेत, बाकीच्यांची शुक्रवारची तपासणीही खोटी लिहिली गेली, तो सगळा माल आम्ही परत मागवून तपासू. तोवर या मॉडेलवर लेबल लावणार नाही. जाहीर सूचना आमच्याच नावानं देऊ. शेवटी सही.

"मॅडम, कारखाना बसेल," अनुप म्हणाला.

"बसेलही. शुक्रवारचं रजिस्टर तूच सोबत जोड. तुझ्या अक्षरात खुलासा लिहून. आणि मग सोमवारपासून बाकावर प्रत्येक मोटर. एकूण एक."

अनुपनं मान हलवली. "हो," तो म्हणाला आणि त्यानं रजिस्टर उघडलं.

तात्या दारात येऊन उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती. "ताई, मला काढून टाका, पोलिसात द्या. पर येक करा. त्या मानसांना नोटीस धाडू नगा. सुप्याची बानूबाई कागद बघितला की दारच लावून घेती. त्यांना वाटंल मोटर चोरीची हाय. त्यांनी माझ्या शब्दावर बसवल्यात."

"तुमच्या नाही, माझ्या." रश्मी त्यांच्याजवळ गेली. "कागद नाही पाठवणार, तात्या. मी स्वतः जाऊन सांगेन. तेवीसच्या तेवीस दारांत, माझ्या तोंडानं. मोटर तिथंच, त्यांच्या विहिरीवर भरून द्यायची, आजच्या विजेच्या मापानं. तुम्ही दाखवणार ना वाट?"

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाई पूजा आटोपून लवकर बारामतीला आल्या. रश्मीला प्रसाद द्यावा, दोन शब्द बोलावेत, असं मनात होतं. पण गेटपाशी पोचताच त्यांची पावलं जागीच थांबली.

अंगणात छोटा टेम्पो उभा होता. त्यात तांब्याची भेंडोळी, व्होल्ट मोजायचं यंत्र, पाण्याचा कॅन. युवराज मागं चढून सामान दोरीनं आवळत होता आणि पहिल्यांदाच काही बडबडत नव्हता. सावळाराम तात्या पुढच्या सीटवर अंग चोरून बसले होते. रश्मीनं ऑफिसच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली अनुपच्या हातात दिली, ओढणी कमरेला खोचली आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

"तात्या, पहिलं दार कुणाचं?"

"सुप्याचं. बानूबाईचं," तात्या म्हणाले. "अकरावा डांब. माळावरनं वाट हाय, हरणं आडवी येत्यात, बेतानं घ्या."

टेम्पो गेटमधून बाहेर पडला आणि सुप्याच्या रस्त्याला लागला. कौसल्याबाईंनी हाक मारली नाही. प्रसादाचा द्रोण दोन्ही हातांत धरून, धूळ खाली बसेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.